जुनी श्रुतलेखन-आज्ञावली आणि नवी संचालन-प्रणाली

प्रास्ताविक

शिक्षक वाचून दाखवितात आणि विद्यार्थी ऐकून लिहितात, या अभ्यासाला शाळेत श्रुतलेखन म्हणतात. हेच काम संगणकाकडूनही करवून घेता येते. मनुष्याने मायक्रोफोनपुढे बोलावे आणि त्याचे शब्द पडद्यावर उमटावेत, अशी योजना करणाऱ्या सॉफ्टवेअरला या पुस्तिकेत श्रुतलेखन-आज्ञावली असे नाव दिले आहे. ज्याचे हात धडधाकट आहेत त्याच्या दृष्टीने ही केवळ एक सोय होय. परंतु ज्याच्या हाताला पक्षाघात झाला आहे, किंवा वर्षानुवर्षे कळफलकावर काम केल्यामुळे ज्याचे मनगट निकामी झाले आहे, त्याच्या दृष्टीने तीच लेखणी असते.

ही लेखणी एका विचित्र रीतीने हातातून सुटते. संगणक जुना होतो, नवा घ्यावा लागतो आणि नव्याबरोबर नवी संचालन-प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, येते. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; तेव्हापासून घरे, शाळा व ग्रंथालये यांतील अनेक संगणकांपुढे हा बदल उभा राहिला आहे. जुनी श्रुतलेखन-आज्ञावली नव्या प्रणालीवर बसविली असता चार प्रकारचे अनुभव येतात. कधी ती सुरूच होत नाही. कधी सुरू होते, पण ऐकत नाही. कधी ऐकते, पण लिहीत नाही. आणि कधी ती सर्व काही करते, परंतु आपल्या धन्याचा आवाज विसरलेली असते. आज्ञावली लोखंडासारखी गंजत नाही. तिच्यातील एक अक्षरही बदललेले नसते. मग हे कशामुळे घडते, त्यावर उपाय कोणते, आणि अशा बदलांतून नेमके काय जपून ठेवले पाहिजे, याचा विचार पुढे केला आहे. बंगळूर शहरात जन्मलेल्या एका वाणीविषयक आज्ञावलीची हकिकत या विचाराला विशेष उपयोगी पडते. ती पाचव्या प्रकरणात येईल.

१. यंत्र कसे ऐकते?

बोलताना हवेत दाबाच्या लहरी उठतात. मायक्रोफोन या लहरींचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणक या चढउतारांची दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजदाद करून आकडे लिहून ठेवतो. जुन्या दूरध्वनी-व्यवस्थेत सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होत असे. श्रुतलेखनासाठी आता बहुधा १६,००० वेळा मोजणी करतात. प्रत्येक मापाला २ बाइट जागा लागते, असे धरल्यास एका सेकंदाच्या बोलण्याला ३२,००० बाइट आणि एका तासाच्या बोलण्याला ११ कोटी ५२ लाख बाइट जागा लागते. हा आकडा लक्षात ठेवावा. शेवटच्या प्रकरणात त्याचे काम पडेल.

नंतर आज्ञावली या आकड्यांचे लहान लहान तुकडे पाडते. साधारणपणे सेकंदाच्या एक शतांश भागाने पुढे सरकत ती प्रत्येक तुकड्यातील कमी व अधिक कंपनसंख्येच्या ध्वनींचे प्रमाण तपासते. या तपासणीतून शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी तिला तीन प्रकारचे ज्ञान लागते. पहिले ध्वनि-प्रतिमान: कोणता वर्ण कसा ऐकू येतो याचे ज्ञान. दुसरा उच्चारकोश: कोणता शब्द कोणत्या वर्णांनी बनतो याची यादी. तिसरे भाषा-प्रतिमान: कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब. ‘सूर्य’ या शब्दानंतर ‘मावळला’ की ‘बावळला’, हे कानाला स्पष्ट झाले नाही तरी भाषा-प्रतिमान ‘मावळला’ याच बाजूने कौल देते. संभाव्यतेचा हा हिशेब मांडण्यासाठी अनेक वर्षे जी गणिती रीत वापरली गेली, तिला रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांचे नाव जोडलेले आहे.

परंतु सर्व माणसे सारखी बोलत नाहीत. कोणाचा घसा मोठा, कोणाचा बारीक. कोणी शब्द तोडून बोलतो, कोणी ओढून. म्हणून जुन्या आज्ञावल्या वापरणाऱ्याकडून प्रथम एखादा उतारा मोठ्याने वाचून घेत आणि त्यावरून ध्वनि-प्रतिमानात त्याच्यापुरता फेरफार करीत. पुढे तो ज्या चुका दुरुस्त करी, जी विशेषनामे शिकवी, तीही नोंदली जात. अशा नोंदींच्या संचाला आपण ‘आवाज-परिचय’ म्हणू. दोनचार वर्षांच्या वापरानंतर हा परिचय इतका गाढ होतो, की आज्ञावलीपेक्षा तिच्यात साठलेला परिचयच अधिक मोलाचा ठरतो.

२. पूर्वेतिहास

१९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका व्यक्तीच्या आवाजातील शून्य ते नऊ हे अंक ओळखणारे यंत्र तयार झाले. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीने १६ शब्द ओळखणारे यंत्र लोकांना दाखविले. सबंध वाक्ये ओळखण्याच्या कामात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत राज रेड्डी यांचे नाव अग्रभागी आहे. आजच्या आंध्र प्रदेशातील काटूर गावी १९३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९६६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर पुढे त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात या विषयाची मोठी परंपरा निर्माण केली, आणि १९९४ मध्ये संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पुरस्कार त्यांना विभागून मिळाला.

त्यांचे विद्यार्थी जेम्स बेकर यांनी पत्नी जॅनेट बेकर यांच्यासह १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टीम्स ही कंपनी काढली. तिची १९९० ची आज्ञावली ९,००० डॉलर किमतीची होती आणि तिच्यापुढे प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलावे लागे. १९९७ मध्ये तिने सलग बोललेले ओळखणारी आज्ञावली विक्रीस आणली. पुढे या आज्ञावलीला भारतीय धाटणीच्या इंग्रजीचीही जोड मिळाली. ती ज्यांच्या मालकीची होती त्या कंपन्या मात्र बदलत गेल्या: २००० मध्ये एक खरेदीदार, त्याचे दिवाळे निघाल्यावर २००१ मध्ये दुसरा, २००५ मध्ये त्याचे नामांतर होऊन ‘न्युआन्स’, आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट. आज्ञावली तीच राहिली तरी तिची काळजी वाहणारे हात बदलले, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

याच काळात बंगळूर शहरात श्रुतलेखन हा एक व्यवसाय बनला. १९८५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने तेथे आपले केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या द्वारे ते अमेरिकेशी जोडले. १९९० नंतर अशा जोडण्या सुलभ झाल्या, तेव्हा अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णांविषयी बोलून ठेवलेली टिपणे बंगळूर व इतर भारतीय शहरांत येऊ लागली. कानाला यंत्र लावून ती ऐकावयाची आणि टंकलिखित करून परत पाठवावयाची, हे काम अनेक तरुण-तरुणींनी केले. श्रुतलेखन-आज्ञावली सुधारल्यावर पहिला खर्डा यंत्र तयार करू लागले आणि या मंडळींकडे तो तपासण्याचे काम आले.

३. संचालन-प्रणाली म्हणजे काय?

मोठ्या ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटापाशी जात नाही. तो ठरावीक नमुन्याच्या चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव लिहून ती खिडकीत देतो, आणि ग्रंथपाल ग्रंथ काढून आणतो. संगणकातही असेच आहे. स्मरणकोश, पडदा, कळफलक, मायक्रोफोन ही सर्व कपाटे होत. आज्ञावल्या हे वाचक होत. आणि संचालन-प्रणाली हा ग्रंथपाल होय. कोणतीही आज्ञावली मायक्रोफोनला स्वतः हात लावीत नाही. ती संचालन-प्रणालीकडे ठरलेल्या नमुन्यात मागणी करते, आणि ती मागणी पुरविली जाते.

आता नवा ग्रंथपाल आला, त्याने चिठ्ठीचा नमुना बदलला, एक खिडकी बंद केली आणि काही दालनांत ओळखपत्र दाखविल्याविना प्रवेश नाही असा नियम केला, अशी कल्पना करा. जुना वाचक पूर्वीच्याच चिठ्ठ्या घेऊन येईल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. दोष त्याचा नाही. आणि ग्रंथपालाचाही नाही, कारण पुष्कळदा ग्रंथांची चोरी थांबविण्यासाठीच त्याने नियम बदललेले असतात.

सामान्य आज्ञावलीला दोनतीन खिडक्यांशीच काम असते. श्रुतलेखन-आज्ञावली मात्र मायक्रोफोन ऐकते, संगणकाची बरीचशी शक्ती वापरते आणि आपण ओळखलेले शब्द दुसऱ्याच आज्ञावलीच्या पानावर नेऊन लिहिते. तिचा संबंध जवळजवळ प्रत्येक खिडकीशी येतो. म्हणून नियम बदलले की तिला सर्वांत आधी झळ पोहोचते.

४. चार गाठी

पहिली गाठ: सुरू न होणे. संगणकाचा गणकभाग एका वेळी किती बिटांचा आकडा हाताळतो यावरून १६, ३२ आणि ६४ बिटांच्या आज्ञावल्या असे प्रकार पडतात. ३२ बिटांच्या पत्त्यांनी सुमारे ४ गिगाबाइट स्मरणकोशापर्यंतच पोहोचता येते. त्यामुळे प्रणाल्या क्रमाने ६४ बिटांकडे वळल्या. ६४ बिटांची विंडोज ३२ बिटांच्या आज्ञावल्यांना एका मधल्या दुभाष्यामार्फत चालविते, परंतु १६ बिटांच्या आज्ञावल्यांना मुळीच थारा देत नाही. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांचीच आहे. १९९५ च्या सुमाराच्या कित्येक आज्ञावल्या स्वतः ३२ बिटांच्या असूनही त्यांना संगणकावर बसविणारी आज्ञावली १६ बिटांची असे. अशा वेळी पाहुणा घरात राहण्यास पात्र असतो, पण दारातूनच आत येऊ शकत नाही. अ‍ॅपलने तर ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मॅक संगणकांच्या प्रणालीतून ३२ बिटांच्या सर्वच आज्ञावल्यांना निरोप दिला.

दुसरी गाठ: ऐकू न येणे. मायक्रोफोन आणि प्रणाली यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची एक लहान आज्ञावली असते. हिला दुभाष्याची सोय नाही; ६४ बिटांच्या प्रणालीला ६४ बिटांचाच, तोही अधिकृत अंकीय स्वाक्षरी असलेला ड्रायव्हर लागतो. जुन्या मायक्रोफोन-जोडणीसाठी निर्मात्याने तो तयार केला नसेल, तर आज्ञावली निर्दोष असूनही बहिरी राहते. शिवाय ध्वनी हाताळण्याची रीतही बदलते. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ध्वनिव्यवस्था नव्याने लिहिली होती आणि श्रुतलेखनाची सोयही प्रणालीतच दिली होती. जुलै २००६ मध्ये तिचे जाहीर प्रात्यक्षिक चालू असता आईला लिहावयाच्या पत्राच्या मायन्याऐवजी पडद्यावर भलतेच शब्द उमटू लागले आणि सभागृहात हशा पिकला. ध्वनीची तीव्रता नियंत्रित करणाऱ्या भागातील दोषामुळे मायक्रोफोनचा आवाज विकृत होऊन पोहोचत होता, असे पुढे निष्पन्न झाले. शब्द ओळखणारा भाग ठीक असला तरी कानात गेलेला आवाजच बिघडलेला असेल, तर त्याचा काही इलाज चालत नाही. अलीकडच्या प्रणाल्यांत आणखी एक भर पडली आहे: कोणत्या आज्ञावलीने मायक्रोफोन ऐकावा याची परवानगी वापरणाऱ्याने द्यावी लागते. ही परवानगी बंद असेल तर आज्ञावलीला केवळ शांतता ऐकू येते.

तिसरी गाठ: लिहिता न येणे. एका आज्ञावलीने दुसरीच्या पानावर अक्षरे उमटविणे ही श्रुतलेखनाला आवश्यक गोष्ट आहे. परंतु दुष्ट हेतूने लिहिलेल्या आज्ञावल्याही नेमके हेच करतात. म्हणून व्हिस्टापासून विंडोजने आज्ञावल्यांच्या पायऱ्या ठरविल्या. खालच्या पायरीवरील आज्ञावलीला वरच्या पायरीवरील पानात अक्षर टाकता येत नाही. अपंगांना साह्य करणाऱ्या आज्ञावल्यांसाठी यात एक अपवाद ठेवला आहे, पण तो मिळण्यासाठी आज्ञावलीत तशी स्पष्ट नोंद हवी, तिच्यावर विश्वसनीय स्वाक्षरी हवी आणि ती संगणकातील सुरक्षित जागी बसविलेली हवी. २००७ पूर्वी लिहिलेल्या आज्ञावलीला हा नियमच ठाऊक नव्हता. परिणामी ती साध्या पत्रात लिहिते, आणि संगणकाच्या व्यवस्थापनाची खिडकी समोर आली की एकाएकी मुकी होते. हात न वापरणाऱ्या मनुष्याची कुचंबणा येथेच सर्वांत अधिक होते, कारण ती खिडकी बंद करण्यासाठीही त्याला दुसऱ्याचा हात लागतो.

चौथी गाठ: आवाज विसरणे. आवाज-परिचयाच्या फाइली निर्मात्याच्या खाजगी रचनेत लिहिलेल्या असतात. नवी आवृत्ती आधीच्या मोजक्या आवृत्त्यांच्या फाइली वाचते. त्याहून जुन्या तिला परक्या असतात. दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीला तर त्या मुळीच वाचता येत नाहीत. मराठी वाचकांस याचे एक जवळचे उदाहरण माहीत आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठी असलेली सामाईक संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टांच्या खाजगी संकेतांत टंकलिखित केलेली मराठी पाने, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली असता निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अक्षरे हरवलेली नसतात. ती वाचण्याची किल्ली हरवलेली असते. आवाज-परिचयाच्या बाबतीत अडचण याहून बिकट आहे, कारण ती किल्ली सार्वजनिक कधीच नव्हती.

५. बंगळूरचे उदाहरण: ‘ध्वनी’

या गाठी सुटू शकतात काय, याचे एक बोधप्रद उत्तर बंगळूर येथे मिळते. ते उदाहरण ऐकणाऱ्या नव्हे तर बोलणाऱ्या आज्ञावलीचे आहे. परंतु प्रणाली बदलण्याचा प्रश्न दोहोंना सारखाच लागू पडतो.

भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्राचे काही प्राध्यापक आणि बंगळूरमधील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्यूटर’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक योजिला. तो साधा, स्वस्त व बहुभाषी असावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू होता. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने तो विक्रीस निघाला. निरक्षरासाठी यंत्राने मजकूर वाचून दाखविला पाहिजे. त्यासाठी संस्थेतील रमेश हरिहरन यांनी ‘ध्वनी’ ही आज्ञावली तयार केली.

‘ध्वनी’ची रचना दोन भागांची होती. पहिला भाग लिहिलेल्या मजकुराचे उच्चारांत रूपांतर करी; हा प्रत्येक भाषेसाठी वेगळा. दुसरा भाग त्या उच्चारांसाठी आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाजाचे बारीक तुकडे एकापुढे एक जोडून बोलून दाखवी. हा सर्व भाषांना सामाईक. कन्नड व मराठी या शेजारी भाषा असल्या तरी पहिला भाग वेगळा का लागतो, हे सहज कळण्यासारखे आहे. मराठीत ‘घर’ असे लिहितात, पण शेवटचा ‘अ’ उच्चारीत नाहीत. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर उच्चारला जातो. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ या दोन शब्दांत अक्षर एकच, परंतु उच्चार भिन्न आहेत. असे नियम त्या त्या भाषेच्या भागात लिहिले, की बोलणारा भाग बदलावा लागत नाही.

सिम्प्यूटरचा अपेक्षेइतका खप झाला नाही आणि काही वर्षांत त्याचे दिवस संपले. यंत्राबरोबर त्याची वाणीही संपावयाची. पण तसे झाले नाही. ‘ध्वनी’चा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञा, मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध होत्या. संतोष तोट्टिंगल यांनी तो पुढे हाती घेतला, सामान्य संगणकांवरील लिनक्स प्रणालीसाठी त्याची डागडुजी केली आणि मराठीसह आणखी भारतीय भाषांची भर घातली. तळहातावरील यंत्रासाठी लिहिलेली वाणी अशा रीतीने टेबलावरील संगणकावर बोलू लागली.

या उदाहरणातील कळीची गोष्ट अशी. जी आज्ञावली केवळ यंत्रभाषेतील तयार रूपात मिळते, ती नव्या प्रणालीला जुळवून घेऊ शकत नाही. तिच्याभोवती जुन्या प्रणालीचा देखावा उभा करावा लागतो. जिचा मूळ मजकूर उपलब्ध आहे, ती नव्या प्रणालीसाठी पुन्हा बांधून काढता येते. मात्र त्यासाठी कोणीतरी जाणकार मनुष्य श्रम घेण्यास पुढे यावा लागतो. मुक्त परवाना दार उघडे ठेवतो. आत येऊन काम करणे मनुष्याच्याच हाती राहते.

६. जुनी आज्ञावली चालविण्याचे मार्ग

ज्यांच्यापाशी मूळ मजकूर नसलेली जुनी श्रुतलेखन-आज्ञावली आहे, त्यांनी पुढील मार्ग याच क्रमाने अनुसरावेत. कोणताही प्रयोग करण्यापूर्वी जुन्या संगणकावरील आवाज-परिचयाच्या फाइली आणि शब्दसंग्रह यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी.

(अ) प्रथम कान तपासावा. प्रणालीबरोबर येणाऱ्या साध्या ध्वनिमुद्रणाच्या सोयीने दोन वाक्ये मुद्रित करून ऐकावीत. तेथेच आवाज नसेल वा फाटका असेल, तर दोष मायक्रोफोन, ड्रायव्हर किंवा परवानगी यांत आहे. आज्ञावलीला हात लावण्याचे कारण नाही. स्वतःचा ड्रायव्हर मागणाऱ्या जुन्या जोडणीऐवजी यूएसबीने जोडावयाचा साधा मायक्रोफोन घेतल्यास ही अडचण बहुधा दूर होते.

(आ) नंतर जुळणी-पर्याय वापरावा. विंडोजमध्ये एखाद्या आज्ञावलीपुरते जुन्या आवृत्तीचे सोंग घेण्याची सोय आहे. प्रणालीचे नाव पाहून अडून बसणारी आज्ञावली यामुळे सुरू होऊ शकते. परंतु या सोंगाने १६ बिटांची आज्ञावली चालत नाही आणि जुना ड्रायव्हरही जिवंत होत नाही.

(इ) तिसरा मार्ग आभासी संगणकाचा. नव्या संगणकात एक आज्ञावलीच जणू दुसरा संगणक असल्याप्रमाणे वागते आणि तिच्या पोटात जुनी प्रणाली बसविता येते. पहिली व दुसरी गाठ येथे बहुधा सुटते. तिसरी मात्र नव्या रूपाने उभी राहते: आतली श्रुतलेखन-आज्ञावली आतल्याच पानावर लिहिते, बाहेरच्या पानावर नाही. आत लिहून मजकूर बाहेर नेणे लेखकाला पुरेसे आहे. ज्याला सबंध संगणक आवाजाने चालवावयाचा आहे त्याला ते पुरत नाही. जुन्या प्रणालीला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने हा आभासी संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा. जुन्या प्रणालीचा व आज्ञावलीचा परवाना आपल्यापाशी असला पाहिजे, हे सांगणे नलगे. पहिल्या वापरापूर्वी निर्मात्याच्या संगणकाकडून परवान्याची खातरजमा करून घेणाऱ्या काही आज्ञावल्या असतात. निर्मात्याने ती सेवा बंद केली असल्यास हा मार्गही खुंटतो.

(ई) चौथा मार्ग जुना संगणकच राखण्याचा. तो जाळ्यापासून तोडून केवळ लेखनासाठी वापरावा. यंत्र बंद पडेपर्यंत हा मार्ग निर्धोक आहे. परंतु ते बंद पडणार, हे गृहीत धरूनच चालावे.

(उ) शेवटचा मार्ग नव्या आज्ञावलीचा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये असलेली श्रुतलेखनाची सोय मालवीत असल्याचे मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आणि विंडोज ११ मध्ये तिची जागा ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ने घेतली. मॅक संगणकांवर ‘व्हॉइस कंट्रोल’ ही सोय २०१९ पासून आहे. व्हिस्टाच्या त्या सोयीत मराठी कधीच नव्हती. गूगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय फोनवर उपलब्ध केली, ती अनेकांच्या परिचयाची आहे. नव्या आज्ञावल्या लाखो लोकांच्या आवाजांवर शिकलेल्या असल्याने बहुतेकांस उतारा वाचून दाखवावा लागत नाही. ज्याचे उच्चार आजाराने बदलले आहेत, त्याला मात्र जुन्या परिचयाची उणीव तीव्रतेने भासते. असा मनुष्य पहिल्या चार मार्गांचा आग्रह धरतो तो हट्टाने नव्हे. याशिवाय काही नव्या सोयी बोललेला आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथे ओळखतात. अशा सोयीची ‘जुनी आवृत्ती’ जपून ठेवता येत नाही. ती बंद झाली की सर्वांसाठी एकाच दिवशी बंद होते.

७. काय जपून ठेवावे?

वरील पाचही मार्गांना काळाची मर्यादा आहे. म्हणून जे कोणत्याही प्रणालीवर चालेल असे काही आपल्यापाशी असावे. ते म्हणजे आपले मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याचा अचूक लिखित मजकूर. साध्या, सार्वजनिक रचनेतील ध्वनिफाइल आणि युनिकोडमधील लेख ही जोडी आज्ञावली बदलली, कंपनी विकली गेली, प्रणाली पालटली तरी वाचता येते. आणि या जोडीवरून नव्या प्रतिमानाला जुना आवाज शिकविता येतो. आधी काढलेल्या हिशेबाप्रमाणे दहा तासांच्या मुद्रणाला सुमारे १.१५ गिगाबाइट जागा लागते. खिशातील लहानशा साठवणीतही ती मावते. ज्याचा आवाज आजाराने क्षीण होत जाण्याची भीती आहे, त्याने तर हे काम उद्यावर टाकू नये.

व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, तेच भाषेच्या बाबतीतही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साह्याने २०२२ मध्ये ‘वाणी’ हा प्रकल्प हाती घेतला. देशाच्या सर्व जिल्ह्यांतून सुमारे दीड लाख तासांचे बोलणे मुद्रित करावे, त्यातील काही भाग लिहून काढावा आणि हा संग्रह सर्वांना खुला करावा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. याच संस्थेच्या ‘रेस्पिन’ या दुसऱ्या प्रकल्पात शेती व बँकव्यवहार या विषयांवरील बोलणे नऊ भारतीय भाषांत गोळा करण्यात आले. त्यांत मराठी व तिच्या बोलींचा समावेश आहे. दुसरीकडे, ओपनएआय या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘व्हिस्पर’ हे प्रतिमान कोणालाही आपल्या संगणकावर, इंटरनेटच्या जोडणीविना चालविता येते. त्याला मराठीही कळते, परंतु इंग्रजीइतकी अचूक नाही. ही उणीव भरून काढावयाची तर मराठीचे विविध जिल्ह्यांतील बोलणे आणि त्याचा शुद्ध लेख हाच कच्चा माल हवा. आजची प्रतिमाने दहा वर्षांनी जुनी होतील. हा कच्चा माल जुना होणार नाही.

करून पाहा

१. संगणकावर किंवा फोनवर एकच उतारा तीन वेळा मुद्रित करा: मायक्रोफोन तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवून, हातभर अंतरावर ठेवून, आणि पंखा चालू ठेवून. तिन्ही मुद्रणे श्रुतलेखनाच्या सोयीला ऐकवा व चुकांची संख्या मोजा.

२. ‘चार, चाक, जग, जाळे, झरा, झाड’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. अक्षर सारखे असून उच्चार भिन्न असल्याची आणखी पाच उदाहरणे शोधा.

३. सेकंदाला ८,००० मापे आणि प्रत्येक मापाला १ बाइट असे धरल्यास एका तासाच्या बोलण्याला किती जागा लागेल?

४. ग्रंथालयाच्या दृष्टान्तात ड्रायव्हर, आवाज-परिचय आणि आभासी संगणक यांना कोणती उपमा देता येईल? आपल्या उत्तराची कारणे लिहा.

५. आपल्या शाळेत किंवा ग्रंथालयात युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलिखित केलेल्या फाइली आहेत काय, याची चौकशी करा. असल्यास त्या आजच्या संकेतपद्धतीत आणण्यासाठी काय करावे लागेल, याचे टिपण तयार करून शिक्षकांस किंवा ग्रंथपालांस द्या.